तहकूब सभा

घटनेप्रमाणे गणसंख्या पाच.
आम्ही चौघं.
म्हणून मी, सचिव या नात्यानं
(निवृत्त वरिष्ठ लिपिक, जिल्हा परिषद),
चार वाजून दोन मिनिटांनी लिहिलं:
'सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी,
गणसंख्येची अट न ठेवता.'

सहकारनगर, चष्म्याच्या दुकानावरची खोली.
सकाळी इथं गणिताची शिकवणी असते.
फळ्यावर अर्धी पुसलेली बेरीज,
हातचा एक तसाच.

अध्यक्ष हेमलताबाई ओसवाल
पावतीपुस्तकं रिबिनीनं बांधतायत.
रविवार पेठेत, भांड्यांच्या दुकानात,
गल्ल्याच्या वर त्यांच्या थोरल्या जावेचा फोटो.
जाऊबाईंनी दीड वर्ष ओवा खाल्ला.
बाई एवढंच सांगतात.
दीड वर्ष. ओवा.

खजिनदार तुळपुळे, सीए.
तपासणीत 'सीए एकशे पंचवीस' वाचून
बायकोला म्हणाले होते,
बघ, आमच्या धंद्यातली माणसं तुझ्या रक्तातही निघाली.
ती हसली होती.
आकडा पस्तिसाच्या आत हवा. होता नऊशे बारा.
आता ते हसवत नाहीत कुणाला,
व्हाउचर मागतात.

डॉक्टर रेहाना मोमीन, सल्लागार,
ऑपरेशनवरून थेट येतात,
कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकची रेघ.
सल्ला फार देत नाहीत.
बिस्किट चहात बुडवून विसरतात.

आणि मी.
माझ्या घरात कुणालाच काही झालेलं नाही.
या खोलीत ते सांगायची थोडी लाज वाटते.

टेबलावर पत्रकाचा मसुदा.
वादाचा चौथा महिना: अंडाशय की बीजांडकोश?
ओसवालबाईंना अंडं हा शब्दच नको.
तुळपुळे म्हणतात, बीजांडकोश छापलात
तर सोबत शब्दकोश वाटावा लागेल,
त्याची तरतूद नाही.

चार अठ्ठावीस.
जिन्यातून आधी भांडण वर आलं,
मागून सगुणा वाघचौरे.
हडपसरला भाजीचा गाळा, केमोची पाचवी सायकल,
डोक्याला मुलाचा मफलर.
'रिक्षावाला म्हणतो दहा रुपये सोडा.
म्हटलं, सोडायला मी काय मरायला टेकलीय?'
कुणाला हसावं ते कळेना.
मग तीच हसली.

मसुदा हातभर लांब धरून वाचला तिनं.
'हे कोण वाचणार?
माझी नाडी बिघडली तवाच मला कळाया पायजे होतं.'
डॉक्टरांचा हात सवयीनं तिच्या मनगटाकडे गेला.
'ती नाही ओ. परकराची.
गाठ रोजच्या जागी बसंना.
खाणं अर्ध्या भाकरीवर आलेलं
आणि नाडी पुरत नाही.
मी काय केलं, नवी नाडी ओवली.
चांगली लांब बघून आणली मंडईतनं.
तीन महिने गेले त्यात.'

रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिचं टिंगटिंग गाणं संपेपर्यंत
आम्ही सगळे थांबलो.
'तीस वर्षं नाडी बघतेय मी,' डॉक्टर म्हणाल्या,
आणि वाक्य तिथंच ठेवून
पेनाला टोपण लावलं.

ठराव क्रमांक तीन:
पत्रकाची सुरुवात
'परकराची नाडी पुरेनाशी झालीय का?' अशी करावी.
पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवी
इत्यादी त्याखाली.
सूचक: श्रीमती वाघचौरे.
अनुमोदक एकच लागतो. तीन हात वर झाले.
तुळपुळ्यांचा सर्वांत आधी.
बीजांडकोशाचा विषय पुढील सभेत.

वर लिहिलेली तहकुबी खोडायची का,
असं मी विचारलं.
'राहू द्या की,' सगुणाबाई म्हणाल्या,
'उशीर झाला तर झाला म्हणून लिवावं.'

रात्री घरी कपडे बदलताना
गाठ कुठं बसते
ते मी दिवा लावून पाहिलं.
हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.