दोनशे अंश

पडद्यावर हिरव्या रेघा आल्या तेव्हाच
बर्डीवरचा निखाडे म्हणाला होता:
चिप गेली. घरी हात लावू नको बे.

मी लावला.
बाहेर शेचाळीस, कूलरला पाणी नाही,
आईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये
फॉइल गुंडाळलेला बोर्ड, आठ मिनिटं.
काढताना काहीतरी निसटून पडलं,
मोहरीएवढं. शोधलं नाही.

चालू झाला!
अकरा दिवस चालला.
बाराव्या दिवशी एका फोटोत
ताईच्या कपाळाशी येऊन थांबला.

निखाडे बोर्डाचा वास घेतो, विचारत काही नाही.
भिंगाखाली दाखवतो फुगलेला कोपरा,
आतले सुटलेले थर.
"आधी आणला असता तं..."
अन् वाक्य तिथंच सोडून चहा सांगतो.

ओव्हन मी तीनदा घासलं.
आई अजून म्हणते,
नानकटाईले हा कसला वास येऊन राहिला?