सुकतीच्या वेळी

टेम्पो दहाला येणार होता. मी सातलाच
पंचायतीच्या पडवीत टेबल मांडलं.
रजिस्टर, गोंद, सुतळी,
आणि खिशात सवयीचा टेस्टर,
ज्याला आज काही काम नाही.

पहिली आली सुलोचना तारी, काखेत मिक्सर.
"मेस्त्री, एकदा बगा तरी."
बघितला. कॉइल जळून कोळसा.
चाळीस वर्षं ह्या तारामुंबरीत मी
"उद्या ये" म्हणत आलो,
आज म्हटलं, "नाय व्हायचा बाय, ठेव थंय."
ठेवला. भांडं मात्र काढून परत नेलं,
तांदूळ मोजूक बरा पडता म्हणाली.

मग रांगच लागली.
फुगलेल्या बॅटरीचे मोबाइल, रुमालात बांधून, आजारी पाखरासारखे.
इब्राहिम सोलकरने ट्रॉलरवरचं
मासे दाखवणारं यंत्र आणलं.
"ह्यानं बांगडो दाखवलो तेव्हा बांगडो होतो," म्हणाला,
आणि पुढे काही बोलला नाही.

आमच्याकडे वस्तू म्हातारी होऊन मरत नाही.
खारं वारं आत शिरतं,
बोर्डावर हिरवा गंज धरतो, खडकावरच्या शेवाळासारखा.
जुन्या दातांच्या ब्रशने, पेट्रोल लावून,
किती घासले असतील असे बोर्ड,
जसा कोणी होडीचा तळ घासतो,
पुन्हा पाण्यातच टाकायला.

मृण्मयी कोयंडे, बारावी सायन्स, लिहायला बसलेली,
मला समजावते, मला!
"काका, फ्रिज आपटू नका, गॅस असतो.
ट्यूबलाइटीत पारा.
आणि वायरी जाळून तांबं काढणाऱ्याला
काहीच द्यायचं नाही, कितीही भाव देऊ दे.
जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, माहीत होतं?"

मान हलवली.
माहीत नव्हतं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

भिंतीवरचे चपटे टीव्ही गावात आले त्या वर्षी
माझ्या दुकानात चौदा जुने पडून होते.
कोणी न्यायला येईना, भाडं थकलेलं.
एका रात्री बाबल जुवाटकरची होडी मागून घेतली
आणि सगळे खाडीत नेले,
आरतीशिवायचं विसर्जन.
बुडेनात.
काचेच्या पोटात पोकळी असते,
तरंगत राहिले माझ्याकडे तोंड करून.
मग वल्ह्याने एकेकाची मान मोडली.
मान मोडली की पिक्चर ट्यूब श्वास घेते,
एकच, लांब, आत ओढलेला.
चौदा वेळा ऐकला.

त्याच जागी सुकतीला बायका तिसऱ्या वेचतात.
पुढच्या पावसाळ्याआधी सुलोचनाच्या सासूची टाच चिरली.
शिंपला लागला, म्हणाली.
हळद मीच नेऊन दिली होती.

काल अमावस्या. आज पहाटे पाचला
खाडी पार आटलेली,
तेव्हा बॅटरी घेऊन उतरलो.
गुडघाभर चिखल, हाताला चाचपत.
तीन मिळाल्या.
एकीवर कालवं धरलेली, घट्ट,
एकीच्या मोडक्या मानेतून चिंबोरी बाहेर आली,
माझ्याकडे बघून
तिरकी निघून गेली.
गोणपाटात गुंडाळून तिन्ही आणल्या,
टेबलाखाली ठेवल्या. पडवीभर खाडीचा वास.

टेम्पो आला. मिक्सर चढले, फ्रिज उभेच चढले,
इब्राहिमने यंत्र स्वतःच्या हाताने ठेवलं.
मृण्मयी खाली वाकली.
"काका, ह्या कोणाच्या? नाव काय लिहू?"

सुलोचना अजून पायरीवर बसली होती,
मांडीवर ते भांडं.

"लिही," म्हटलं जरा मोठ्यानेच, "तुळशीदास मेस्त्री.
पिक्चर ट्यूब, नग तीन.
बाकी अकरा."

"बाकीचा रकाना नाहीये, काका."

"मग समासात लिही."