जरा सरकून

तिकिटाच्या खिडकीशीच सासूबाई अडल्या.
"माझ्याच गल्लीत जायला पैसे?"
आतली पोरगी गोंधळली, मग हसली,
हातानेच जा म्हणाली.
मी मागून गुपचूप दोघींचे भरले.

हे पूर्वी चर्च होतं. आम्ही मशिदीकडची माणसं,
तरी नाताळात इथल्या पायरीवर केकचा तुकडा मिळायचा
असं त्या सांगतात.
त्या पुष्कळ सांगतात.
लग्नाला वीस वर्षं झाली,
टाइन स्ट्रीट मला न पाहता पाठ आहे:
कोपऱ्यावर न्हावी, त्याच्या डोक्यावर शिंपी मोगामत,
तिसऱ्या दारात ज्यू म्हातारी,
जिच्या मांजरीला स्नूक माशाची डोकी लागायची,
ताजीच.

मधोमध, जमिनीवर, नकाशा.
गल्ल्या, बोळ, आणि त्यांत ज्याने त्याने
शाईने कोंबलेली आपापली नावं.
शाळेची मुलं वरून धावत होती.
सासूबाई वाकल्या. बूट काढू लागल्या.
इथे कोणी काढत नाही, मी म्हटलं.
"कुणाच्या घरावरून बूट घालून जातात का?"
एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

हॅनोव्हर स्ट्रीट चार पावलांत संपला.
त्या परत फिरल्या, पुन्हा चालल्या,
जणू काही मोजण्यात चुकलं असावं.
"बापाच्या गाडीमागून जाताना दुपार व्हायची.
तो शिंग फुंकायचा, बायका ताटल्या घेऊन बाहेर,
उधारी, शिव्या, कुणाचं बाळ बघ जरा."
ते शिंग पलीकडे काचेत आहे. त्यांचं नव्हे, कुणाचं तरी.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आमचं घर पाडलं तेव्हा जिना तेवढा राहिला होता,
वर काहीच नसलेला.
धाकटा दीर त्यावर चढून बसला, उतरेना.
मग वाळूत नेऊन टाकलं सगळ्यांना,
रस्त्याचं नाव मात्र सोबत दिलं: हॅनोव्हर पार्क.
मी तिथलीच. पार्क अजून सापडलेलं नाही.

पहारेकरी आमच्याकडे आला.
मला वाटलं, बुटांवरून बोलणार.
छातीवर नाव: लुथांडो.
"आजी, तुमचं कुठलं?"
त्यांनी अंगठ्यानेच दाखवलं, भोकातून.
"आणि तुझं?"

"आमचं ह्यात नाही," तो म्हणाला.
"खापरपणजोबा इथे बंदरावर हमाल होते.
प्लेग आला, त्याचं निमित्त करून
आमच्या लोकांना आधीच काढलं. पार तेव्हा.
तुमचे राहिले."

राग नव्हता आवाजात. घड्याळात किती वाजले
हे सांगावं तसं सांगितलं.

वीस वर्षांत मी सासूबाईंना
उत्तराविना पाहिलेलं नाही.
मिठावरून, नवऱ्यावरून, मौलवींच्या तोंडावर, कधीही.
त्या नकाशाकडे बघत राहिल्या.
"आमच्या आजोबांना ती खोली स्वस्तात मिळाली होती,"
शेवटी म्हणाल्या.
"फार स्वस्तात. घरात त्याची बढाई मारायचे.
का स्वस्त, ते कोणी विचारलं नाही."

मुलं दुसऱ्या दालनात गेली. एक मागे राहिलं,
बाईंनी त्याला ओढून नेलं.

मग सासूबाई सरकल्या.
बाकावर सरकतात तशा, परकर आवरून,
टाइन स्ट्रीटच्या कडेला, भिंतीच्या आत.
"ये. इथे उभा राहा."
त्याने दाराकडे पाहिलं, वरिष्ठ कोणी आहे का.
मग खाली बसला आणि नाडी सोडू लागला,
जड बूट, दुहेरी गाठ,
वेळ लागला.

दोघं उभी होती. फार काही बोलली नाहीत.
जागा तशी अपुरीच होती.

गाडी काढली. डोंगराच्या उतारावर
अजून नुसतंच गवत, वाऱ्याने एका बाजूला पडलेलं.
"त्याचं आडनाव विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या.
सिग्नल गेला, दुसरा आला.
"आणि तू तिकिटाचे पैसे दिलेस.
पाहिलं मी."