सव्वाशे पट

रात्री अकरानंतर पेठेतले माग थांबतात
आणि आमच्या प्रयोगशाळेत व्होल्टेज स्थिर होतं.
तेव्हा हत्तुरे सर पंप सुरू करतात.
बाहेर एप्रिल, भिंती अजून तापलेल्या,
नळीतून टँकरचं कोमट पाणी.
आत, केसाहून बारीक छिद्रातून
आर्गॉन पोकळीत झेपावतो
आणि झेपावताना असा गारठतो
की अणू अणूला धरून राहतो.

धरून कसला, नुसता टेकून.
पुस्तकात यांना राजवायू म्हणतात:
कुणाकडे मागत नाहीत, कुणाला देत नाहीत.
सिलिंडर मात्र अक्कलकोट रोडच्या वेल्डिंगवाल्याकडून येतो,
उधारीवर.

सर म्हणाले, नागमणी, हा बंध थेट मोजता येत नाही.
मला हसू आलं.
आमच्या घरी सूत तरी कधी थेट मोजलं?
नाना आधी भरली कांडी तोलायचे, मग रिकामी;
मधला फरक शेठच्या वहीत.
त्या वजाबाकीवर मी लहानाची मोठी झाले.

हेलियमच्या दिव्याचा उजेड थोडा थोडा चढवत नेला.
बराच वेळ काही नाही.
मग ऐंशी वस्तुमानावर एक टोक,
रांगोळीच्या ठिपक्याएवढं.

एकट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला
पंधरा पूर्णांक शहात्तर.
जोडीतून काढायला चौदा पूर्णांक सेहेचाळीस.
जोडी स्वस्तात देते.
फरक एक पूर्णांक तीस,
त्यात ते मूळचं टेकणं मिळवायचं,
जेमतेम एक शतांश.
एक इलेक्ट्रॉन गेला, की उरलेले दोघे
आधीच्या सव्वाशे पट घट्ट.

मी आकडा तीनदा तपासला.

नाना आणि व्यंकटेशम
एका शेडमध्ये बावीस वर्षं, समोरासमोरच्या मागांवर.
त्या खडखडाटात बोलणार काय?
सकाळी मान हलवायची, संध्याकाळी मान हलवायची.
मग पट्ट्यात नानांचं बोट गेलं,
उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं.
गाठ मारायचं बोट.
ते कामावर परतले त्या दिवसापासून
नानांच्या मागावर धागा तुटला
की व्यंकटेशम आपला माग थांबवून यायचे,
गाठ मारायचे, जायचे.
थांबलेल्या मागाची मजुरी कापली जायची.
याबद्दल दोघांपैकी कुणी
आजवर चकार शब्द काढलेला नाही.
आता दोघांनाही ऐकू कमी येतं.
संध्याकाळी तळ्याच्या कठड्यावर बसून
तेलुगूत ओरडून एकमेकांना काहीबाही सांगतात,
निम्मं पोचत नाही.

हे मी सरांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं असतं, एकक काय?

दोन चाळीसला लाइट गेली.
पंप उतरत्या सुरात कण्हत बंद पडला,
पोकळीत हळूहळू सोलापूर शिरलं असणार.
मेणबत्तीत वही: चूक अधिक-उणे, आणि पुढे
सरांचं वाचता न येणारं अक्षर.
त्यांनी डबा उघडला. शेंगा चटणी,
कडक भाकरी, परवाची.
दोन्ही हातांनी मोडली. कटकन आवाज झाला.
म्हणाले, घे, हा बंध थेट मोजता येतो.

उद्या क्रिप्टॉन.
त्याचं बिल अजून मंजूर व्हायचंय.