चावीवाल्याची रजा

बुकिंग मुलीने केलं. दोन रात्री, पाण्याकाठची खोली,
नाश्ता धरून.
मी म्हटलं, पाण्याकाठीच तर जन्म गेला माझा.
सावरकरनगर, लोकमान्यनगर, यशोधननगर,
पहाटे चारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब दांड्याची चावी खाली सोडायची
आणि साडेअकरा फेरे मोजायचे.
मग कुठेतरी चौथ्या मजल्यावर
एखादा नळ खोकायला लागतो.

शहापूर मागे पडलं, डांबर संपलं
आणि वळणावर एकदम
ते.
सुमती म्हणाली, "अगं बाई."
मी काहीच म्हणालो नाही.
एकतीस वर्षं ज्याला तासांच्या हिशेबात ओळखलं
ते असं पसरून, बिनझाकणाचं,
वेळापत्रक नसलेलं,
दुपारी दुकानाच्या फळीवर आडवं व्हावं तसं
ऊन खात पडलेलं.

खोली निचित्यांची. निळा पत्रा, नवी फरशी,
न्हाणीघरात पाटी : पाणी जपून वापरा.
सुमती हसायला लागली ती जेवण वाढेपर्यंत.
खिडकीखाली सातआठ पावलांवर
बारीक लाट येत होती, परत जात होती,
काही न मागता.
बी विंगला प्रेशर नाही,
असं कोणी फोन करून सांगत नव्हतं.

संध्याकाळी गोमा हिलमने होडी काढली.
आम्हाला नारिंगी जाकिटं घातली, पट्टे आवळले.
सुमतीचा पदर आत अडकला, तिने तो तसाच राहू दिला.
मधोमध त्याने वल्ही उचलून धरली.
थेंब गळत राहिले,
तेवढाच आवाज.
"किती खोल असेल?"
"आता उतरलंय. मे हाय ना. तरी दोन बांबू."
मी हात बुडवला. सवयीने जोर पाहिला.
नव्हता.
सुमतीने विचारलं, "हेच का आपल्याकडे येतं?"
"ह्यातलंच काही," मी म्हणालो,
आणि उगाच अवघडलो,
बायकोची आणि साहेबाची
बाजारात अचानक गाठ पडावी तसा.

पहाटे चारला डोळे उघडलेच.
उजवं मनगट चादरीवर फिरत होतं.
सुमतीने झोपेतच ते धरलं :
"आज नका सोडू कुणाला."
मग तिचा हात सैल पडला. मी बाहेर आलो.

धक्क्यावर मोबाईलचा उजेड. गोमा, त्याची आई
आणि अकरा हंडे.
पलीकडच्या पाड्याची विहीर आटली म्हणे,
हे काठचं गढूळ, पोराबाळांना बाधतं.
निचित्यांच्या बोअरचं न्यायचं,
नऊला बुकिंगची माणसं बसायच्या आत.
हंडे होडीत दाटीने बसवलेले,
प्रत्येकाच्या गळ्याशी नारिंगी जाकीट,
पट्टा आवळलेला, कलंडू नये म्हणून.
कालचं माझं कोणतं, ओळखू येईना.

एक हंडा उघडाच राहिला होता.
म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली,
"रिकामेच हाव ना? मग बसा. ह्यो मांडीत घ्या."

काळोखात पलीकडे कुत्रं भुंकत होतं,
काठ कुठे आहे ते त्यावरून कळायचं.
मी हंड्याच्या तोंडावर तळहात ठेवून बसलो.
वल्हं पडलं की पाणी आतून वर यायचं,
हाताला लागायचं, खाली बसायचं.
पुन्हा यायचं.
फेरे मोजावेत तसं मी मोजत होतो,
साडेअकराच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं.

उतारावर बायका उभ्या होत्या.
एकीने विचारलं, "ह्यो कोन?"
"पाव्हना. ठान्याचा. पान्यातच कामाला हाय."
तिने वाकून माझ्या मांडीवरचा हंडा उचलला,
कमरेवर घेतला,
आणि मागे न बघता म्हणाली,
"मंग इतका उशीर का केला?"

परतताना उजाडलं होतं.
गोमाने मोकळ्या जाकिटांतलं एक माझ्या अंगात घातलं,
पट्टा आवळला.
ओलं होतं.