पाणी पांढरं येतंय तोवर

वीस वर्षं बागांवर फवारा मारला.
पानाच्या पोटाला थेंब बसला की नाही
ते मला नोझलच्या आवाजावरून कळतं.
म्हणून वाटलं, गाडीचं काय एवढं, फवारणीच ती.

मे महिना. संत्र्याची शेड रिकामी.
जमीन ओली केली, ताडपत्र्या सोडल्या,
वास बाहेर फेकायला कूलर उलटा लावला,
पंक्चरवाल्या पुंजारामचा कॉम्प्रेसर मागून आणला
आणि बेबीताईच्या एट हंड्रेडवर, निळ्याच्या वर,
क्लिअरचे दोन हात दिले.
तिसरा हावरेपणानं.

सकाळी बॉनेटभर संत्र्याची साल.
कारागीर याला हेच म्हणतात,
वरुडात ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.
थेंब पसरायच्या आत उन्हानं धरले.
डाव्या दारावर ओघळ,
खाली गाठ होऊन थांबलेला.
डिकीवर कूलरच्या गवताची एक काडी
आणि एक पाखरू, पाय वर,
काचेखाली ठेवल्यासारखं.

मोर्शीच्या निसारभाईंना फोन लावला.
"हात लावू नको. आठ दिवस पाहूबी नको.
ओल्या क्लिअरले बोट लावनारा
अन् कच्च्या फोडाले नख लावनारा
एकाच घरचे."

पाहिलं मी. रोज. बॅटरी घेऊन.

नवव्या दिवशी अर्धं ब्लेड घेतलं,
दोन्ही टोकांना टेप लावून
मधलं बोटभर उघडं ठेवलं.
ओघळाची फक्त गाठ तासायची, आजूबाजूला काही नाही.
मग जुन्या चपलेच्या तुकड्याला पंधराशेचा पेपर,
बादलीत शाम्पूचे दोन थेंब,
आणि हलका हात, जो मला कधीच नव्हता.

"पानी दुधावानी पांढरं येते तवरोक बिनधास्त घास.
निळं आलं की उठ. चहा पी."

घासलं की आधी सगळं आंधळं होतं.
ज्या चमकेसाठी एवढा खटाटोप
तीच पहिल्यांदा आपल्या हातानं मारायची.
बेबीताई येऊन उभी राहिली, म्हणाली,
"हे तर पयल्यापेक्षा बेकार झालं न बापू!
मले दार नीट लागलं तरी पुरे."
ती गुरांची डॉक्टर. मागच्या सीटवर नायट्रोजनचं भांडं,
दिवसाला चार गावं, सात गोठे.
रंगाचा हट्ट माझाच होता.

काडी निघाली. पाखरू निघालं,
पण एक पाय राहिला, स्वल्पविरामाएवढा.
बॉनेटची साल उतरली.
दाराच्या कडेवर मात्र हात रेंगाळला,
आणि बोटांमधून पाणी
निळं.

चण्याच्या डाळीएवढी जागा.
बादलीतलं सगळं पांढरं पाणी
त्या एका थेंबापुढे खोटं वाटायला लागलं.
मी उठलो. चहा प्यालो नाही.
काड्यापेटीच्या काडीनं तिथं क्लिअरचा ठिपका ठेवला,
श्वास धरून, काजळ घालतात तसा.

दोन हजार. तीन हजार. मग कंपाउंड, मऊ फडकं,
खांद्यातून कळ निघेपर्यंत गोल गोल.
रात्री शेडची ट्यूब लावली.
कालपर्यंत बॉनेटवर तिचे शंभर तुकडे पडत होते.
आज ती एका रेषेत झोपली होती,
तिच्याखाली माझं नाक,
जरा मोठं, पण सरळ.

दुसऱ्या दिवशी बेबीताई गाडी घेऊन गेली
आणि संध्याकाळी हसत आली.
शेंदूरजन्याकडे कोणाच्या गोठ्यात
ती आत हात घालून उभी असताना
बाहेर एका कालवडीनं डावं दार चाटून काढलं.
मनापासून. खालून वर.

मी वाकून पाहिलं, तिरप्या उजेडात.
कालवडीची जीभ, अंदाजे चारशे नंबर.
ठिपका जागेवर होता.

पेपर भिजत घातला.