दुपारचं पाणी

तिसऱ्या वर्षाची चार मुलं समोर बसली होती,
त्यांना विषय हवा होता. तयार.
गेल्या वर्षीचा चालेल, मॅडम, थोडा फिरवून.
जिगीषा दरजीनं तर निष्कर्षसुद्धा लिहून आणलेला,
दोन पानं, दोन्हीकडचे समास कातरल्यासारखे सरळ.
छान, म्हटलं. आता हे कशावरून, ते शोधा.

कोणी हसलं नाही.

त्यांचा काय दोष. पाच सत्रं आपण त्यांना
ज्यांची उत्तरं मागच्या पानावर आहेत
तेवढेच प्रश्न घालत आलो.
माझंही तेच. त्र्याण्णव साली, याच प्रयोगशाळेत,
मी आधी वक्र काढला
आणि मग त्याच्या अंगाखांद्यावर बिंदू बसवले,
एखाददुसरा मुद्दाम जरा बाजूला, खरा वाटावा म्हणून.
पैकीच्या पैकी मिळाले.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी विश्वामित्रीवर गेलो.
पुलाच्या कठड्याला दोनशे रुपयांचा सेन्सर,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बसवलेला.
आवाज सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं,
पाणी किती खाली ते सांगायचं.
दर पाच मिनिटांनी. अख्खा डिसेंबर.

आलेख आला सपाट. फारच सपाट.
कृपाल, नदी इस्त्री केल्यासारखी कशी?
मान खाली. "थोडं साफ केलं, मॅडम."
साफ करायच्या आधीचं दाखव.

त्यात रोज दुपारी
नदी तेरा सेंटिमीटर वर येत होती.
पाऊस नाही, वरून सोडलेलं पाणी नाही.
अकराला चढायला लागायची,
दिवेलागणीला निमूट उतरायची.

का?
चौघांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमी पाहतात तसं.
मला माहीत नाही, मी म्हटलं.
असं शिक्षक म्हणू शकतो
हे त्यांना बहुधा नवीन होतं.
मला तर होतंच.

जाऊन बघा.
गेले. थेपले बांधून, दोन दिवस पुलावर.
दुसऱ्या दुपारी फोन, तिघांचे आवाज एकदम:
मॅडम, मगर!
सेन्सरच्या अगदी खाली, उथळ पाण्यात,
ऊन खायला येते. अकराला!
आवाज तिच्या पाठीवरून परततो!
इतकं देखणं कारण मी जन्मात ऐकलं नव्हतं.
पेढे मीच मागवले.

नफीसा व्होरा फार बोलत नाही.
पेढा तसाच हातात धरून म्हणाली,
पण काल मगर आलीच नव्हती. पाणी तरी चढलं.
मग कुणालाच पेढा गोड लागेना.
सेन्सर गच्चीवर लावून बघू का?

गच्चीवर. तोंड टाकीच्या भिंतीकडे.
दुपारी दोनला
भिंत पुढे आली.
तेरा नाही, नऊ. पण आली.
गच्चीवर मगर नव्हती,
चव्हाणकाका तेवढे ऊन खात पडले होते.

हवा तापली की आवाज जरा घाई करतो.
एवढंच. अकरावीच्या पुस्तकात आहे,
चौघांना पाठ होतं, मलाही.
पाठ होतं म्हणून तर दिसलं नाही.

अहवाल बांधायला द्यायच्या आदल्या दिवशी
मयुरेश शिर्केनं विचारलं,
मगरीचं पान काढून टाकू?
चुकलंय ना ते.
राहू दे, म्हटलं. तारखेसकट.
ती आली होती, ती न आल्याचं कुणी पाहिलं,
तेही लिही.

मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून
तो त्र्याण्णवचा काढला. काळं बाइंडिंग,
माझं माहेरचं नाव, सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली.
टेबलावर ठेवला.
पान बेचाळीस उघडा.
यातला खोटा बिंदू कुठला, ते मला सांगा.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
नफीसानं ओढणीनं चष्मा पुसला.
मॅडम, ती म्हणाली,
पट्टी आहे का?